रोचीराम मास्तरांच्या फितीवरची ओळ

रोचीराम मास्तरांची आणि माझी ओळख पाण्याच्या टाकीत झाली. मी टाकीच्या आत होते आणि ते टाकीच्या तोंडापाशी होते. हे वाचून कोणी हसेल. परंतु जे घडले ते घडले तसेच लिहावे, असे आमच्या प्रौढ वर्गाच्या बाईंनी आम्हांला शिकवले आहे, म्हणून मी तसेच लिहिते.

सन एकोणीसशे छप्पन्नचा फाल्गुन होता. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात लष्कराच्या काळातली सिमेंटची एक बंद टाकी होती. ती वर्षातून दोनदा, फाल्गुनात आणि आश्विनात, रिकामी करून धुवावी लागे. त्या कामाला अंबरनाथच्या बुवापाड्यातून आम्ही चार बाया जात असू. लोखंडी शिडीने आत उतरायचे, काथ्या आणि विटेची भुकटी घेऊन भिंती घासायच्या, गाळ घमेल्यांनी वर द्यायचा आणि तीन वाजायच्या आत बाहेर यायचे, असा नियम होता. तीन वाजता धाकलू मुकादम पाणी सोडत असे आणि तो कोणाची वाट पाहणारा माणूस नव्हता.

आतमध्ये अंधार असे, म्हणून आम्ही गात असू. माझी सासू पुतळाबाई ही धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न लावताना धवलारीण धवला गाते. ती एक ओळ म्हणते आणि मागे बसलेल्या बाया ती ओळ झेलतात, म्हणजे तिच्यामागून तशीच म्हणतात. धवलारीण पुष्कळ वेळा ओळ जागच्या जागी जुळवते. त्यामुळे झेलणाऱ्या बाईने ती एकदाच ऐकून उचलावी लागते. पुन्हा विचारण्याची सोय नसते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूच्या मागे बसून झेलत होते. माझ्या अंगी दुसरे कसब नव्हते, पण हे एक होते.

त्या दिवशी मी टाकीत एक ओळ म्हटली आणि वरून कोणी पुरुष बोलला.

"कोण गाते? ते पुन्हा काढा!"

टाकीत तो शब्द चहूकडून आला. माझ्याबरोबरची सरू घमेले टाकून शिडीकडे पळाली. "बकुले, टाकीन भूत हाय गो!"

मी वर पाहिले. तोंडाच्या उजेडात एक डोके दिसत होते.

"भूत नाही बाई, मी रेडिओवाला. तुमच्या समोरच्या बराकीत राहतो. तो आवाज पुन्हा काढा. मला मोजायचा आहे."

"आवाज मोजतान?" सरूचा जीव थाऱ्यावर आला होता. "तागडी आनलीय का बरोबर?"

त्या माणसाने आत हात घालून एक टाळी वाजवली आणि तिचा आवाज विरून जाईपर्यंत बोटे मोजली. मग अत्यंत आनंदाने तो म्हणाला, "सात!"

"मास्तर, डोका काढा भायेर," धाकलू ओरडला. "तीन वाजले का मी पानी सोडनार. मंग मोजा तुमचा सात न् आठ."

पुढच्या महिन्यापासून मला त्याच बराकींच्या रांगेत घरोघर पाणी भरण्याचे काम मिळाले आणि मास्तरांच्या खोलीतही माझे रोजचे जाणे सुरू झाले. त्यामुळे पुढची दोन वर्षे मी जे पाहिले ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

रोचीराम मास्तर तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. ते सिंधमधल्या शिकारपूर शहरातून आईला घेऊन आले होते. उंच, किंचित वाकलेले, कानांवर केस आलेले. लग्न केलेले नव्हते. लोकांचे रेडिओ दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा होता आणि कॅम्पातल्या लग्नांत विजेची गिटार वाजवणे हा जोडधंदा; त्यावरूनच लोक त्यांना मास्तर म्हणत. ती गिटार उभी धरून वाजवण्याची नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातला पोलादाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून सरकवून वाजवायची असे. तो तुकडा ते रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवत, आणि बोलता बोलता खिसा चाचपून पाहत. गिटारीची फळी त्यांनी स्वतः तासली होती. तिच्या आवाजासाठी लागणारे लोहचुंबक लष्करी भंगारातल्या, कानाला लावायच्या फोनमधून काढलेले होते.

एका लांब बराकीत आठ कुटुंबे होती आणि मध्ये गोणपाटाचे पडदे होते. मी पहिल्या दिवशी हंडा ठेवला तेव्हा मास्तरांच्या आईने, खेमीबाईंनी, मला बसवून पापड आणि पाणी दिले. आलेल्या माणसाला पापड-पाणी दिल्याशिवाय त्या लोकांत जाऊ देत नाहीत. पाणी मीच भरून आणलेले होते हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"ही आपलेच पाणी पिते आहे बघ," त्या मुलाला सिंधीत म्हणाल्या. मास्तरांनी ते मला मराठीत सांगितले. मास्तर मला अदी म्हणत. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. मी त्यांच्या आईला अम्मा म्हणू लागले.

टाकीतला आवाज कशासाठी मोजला, हे मी त्यांना विचारले. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते असे.

शिकारपूरच्या घरी अम्मा दुपारी धान्य निवडताना गात असत. त्यांचे एक गाणे होते. सासरी निघालेली मुलगी नावाड्याला विचारते की माझ्या आईच्या घराचा घाट मागे किती राहिला. अम्मांनी एक ओळ म्हटली की त्या थांबत आणि अंगणाच्या भिंतीतून ती ओळ परत येई. मास्तर तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांनी आईला विचारले होते, "कोण म्हणते?" आई म्हणाली होती, "भिंत म्हणते." सिंध सोडल्यापासून अम्मा एकदाही गायल्या नव्हत्या. मुलाने फारच आग्रह केला तेव्हा त्या एवढेच बोलल्या होत्या की, इथे ओळ परत येत नाही.

"बरोबर आहे तिचे," मास्तर मला म्हणाले. "गोणपाट आवाज पिऊन टाकतो, अदी. चारी बाजूंनी गोणपाट. इथे ओरडलात तरी शब्द पायाशी पडतो. मी रेडिओवाला आहे. मी तिला भिंत करून देईन."

त्यांना एवढेच हवे होते. आईने आणखी एकदा गावे. त्या वेळी अम्मांचे वय साठीच्या घरात होते आणि छातीत धाप होती, म्हणून त्यांना घाई होती.

आश्विनात टाकी रिकामी झाली तेव्हा मास्तरांनी धाकलूला दोन दिवस विनवून दुपारच्या सुट्टीपुरती परवानगी मिळवली. त्यांनी एक स्पीकर दोरीने टाकीत सोडला, एक माईक दुसऱ्या टोकाला सोडला आणि दोन्हींच्या तारा रस्ता ओलांडून खोलीत नेल्या. खोलीत बसून गिटार वाजवली की आवाज टाकीत जाई, सगळ्या भिंतींवर आपटे आणि तारेने खोलीत परत येई. मी ते ऐकले आहे. त्यांनी एक तार छेडली आणि जणू खोलीचे छप्पर वर गेले. साधा सूर, परंतु तो विझेचना. शेजारच्या खोल्यांतली माणसे गोणपाट बाजूला करून पाहू लागली.

मास्तरांनी आईकडे पाहिले.

"विहिरीत माणूस पडल्यासारखे वाटते," अम्मा म्हणाल्या. "काढा बिचाऱ्याला वर."

सगळे हसले. मास्तरही हसले आणि तारा गुंडाळू लागले. नंतर त्यांनी मला त्यातला फरक समजावून सांगितला. टाकीत आवाज पसरतो. एकाच वेळी शंभर ठिकाणांहून येतो, म्हणून शब्द वेगळा राहत नाही. घरच्या भिंतीतून मात्र ओळ वेगळी, स्वच्छ आणि सबंध येत असे. म्हणजे ही वाट चुकीची होती.

त्यानंतर त्यांनी टेपचे यंत्र करायला घेतले. दोन मोडकी यंत्रे भंगारातून मिळाली, त्यांचे एक केले. टेपची तपकिरी फीत आपण आज पाहतो तशीच होती, परंतु मास्तरांनी तिची दोन्ही टोके जोडून तिचा गोल फेरा केला. फीत फिरताना पहिल्यांदा एका डोक्याखालून जाई. तिथे आवाज फितीवर लिहिला जाई. पुढे दुसऱ्या डोक्याखालून जाई, तिथे तो वाचला जाई आणि स्पीकरमधून ऐकू येई. आणखी पुढे तिसरे डोके होते. ते लिहिलेले पुसून टाकी, म्हणजे पुन्हा कोरी फीत पहिल्या डोक्यापाशी येई. ते यंत्रातल्या त्या भागांना डोकीच म्हणत. मला त्या काळी अक्षरओळख नव्हती, तरीही लिहिणे आणि वाचणे यांच्या मध्ये काही वाट असते, एवढे मला त्या फितीवरून कळले होते.

यंत्राला आठ महिने लागले. समोरची पिठाची गिरणी सुरू झाली की विजेचा जोर उतरे, फीत मंद होई आणि परत येणारा आवाज म्हाताऱ्यासारखा खाली बसे. म्हणून मास्तर गिरणीवाला जेवायला गेला की काम करत. सत्तावन्नच्या वैशाखात त्यांनी अम्मांसमोर माईक ठेवला.

"म्हण अम्मा. आता भिंत आहे."

अम्मा बराच वेळ माईककडे पाहत राहिल्या. मग मुलाच्या तोंडाकडे पाहून त्यांनी गाण्याचा पहिला शब्द म्हटला. शब्द पुरा होण्याच्या आतच स्पीकरमधून तोच शब्द आला. अम्मा अडखळल्या. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा स्वतःचाच आवाज मागून येऊन त्यांच्या शब्दावर पडला आणि त्यांची जीभ वळेना. त्या तोतऱ्या माणसासारखे एकच अक्षर काढू लागल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड धरले.

मास्तरांनी यंत्र बंद केले. अम्मांना वाटले होते की आपल्या अंगावरून वारा गेला, जीभ लुळी पडली. त्या दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी पाणी घेऊन गेले तेव्हा मास्तर उंबऱ्यावर बसले होते.

"दोन्ही डोकी एक बोटाच्या अंतरावर आहेत," ते म्हणाले. "आवाज फार लवकर परत आला. माणसाच्या कानात त्याचाच शब्द असा घुसला की जीभ घाबरते. हे मला माहीत असायला हवे होते, अदी. मी माझ्या आईची जीभ बांधली."

"सोडा ना मंग हा खेल," मी म्हटले. "म्हातारीला कशाला तरास?"

"गिटारीला जीभ नाही," ते म्हणाले. "गिटार घाबरत नाही."

एक महिना त्यांनी यंत्राला हात लावला नाही. नंतर त्यांनी एका लांब फळीवर सुताची रिकामी रिळे ठोकली, फीत त्यांच्यावरून फिरवली आणि वाचणारे डोके लिहिणाऱ्या डोक्यापासून दोन हात दूर नेले. आता सबंध ओळ वाजवून होई, तोवर फीत वाटेत असे आणि मग ती ओळ पहिल्यापासून परत येई. हे अंतर त्यांनी कशावरून ठरवले, असे मी विचारले. लहानपणी आई ओळ म्हणून जेवढी थांबत असे तेवढे मी धरले आहे, असे ते म्हणाले. ते थांबणे त्यांच्या अंगात बसलेले होते. बोटांनी मांडीवर ताल धरून त्यांनी मला ते दाखवले.

एकदा मात्र ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखे बोलले. "हिशेबाने पाहिले तर इतक्या उशिरा आवाज यायला भिंत जवळजवळ अर्धा मैल लांब असायला हवी. आमचे अंगण वीस पावलांचे होते. पण मी ऐकले आहे. माझ्या कानांनी ऐकले आहे."

ते वाक्य माझ्या मनात राहिले.

आश्विनात एके दुपारी, गिरणी बंद असताना, मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. अम्मा खाटेवर बसल्या होत्या आणि मी दाराशी हंडा उतरवत होते. मास्तरांनी पोलादाचा तुकडा तारांवरून हळूहळू सरकवत त्या गाण्याची पहिली ओळ वाजवली आणि हात उचलला. फीत फिरत होती. मग समोरच्या गोणपाटामागे ठेवलेल्या स्पीकरमधून तीच ओळ परत आली, जशीच्या तशी, एकही सूर न हरवता.

मला फार नवल वाटले. पण मी अम्मांकडे पाहत होते, आणि मला निराळेच काही दिसले. मास्तरांनी ओळ संपवताच अम्मांनी मान उजवीकडे वळवली होती आणि श्वास रोखून धरला होता. आमच्यात धवलारीण ओळ संपवून अशीच मान वळवते. मागच्या बायांना श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो, म्हणून ती थांबते. भिंतीला श्वास लागत नाही. मग अम्मा इतक्या वेळ कोणासाठी थांबत होत्या?

"वेळ बरोबर आहे," अम्मा म्हणाल्या. मुलाला त्या पुट म्हणत. "पण असे नाही, पुट. हे तर तू जे म्हटलेस तेच म्हणते."

"भिंत तेच म्हणणार, अम्मा."

तेव्हा मी मध्ये बोलले. दोघा मायलेकांच्या बोलण्यात मी पडायला नको होते, पण पडले. मी म्हटले, "अम्मा, भिंतीच्या पल्याड बाई कोन होती?"

मास्तर माझ्याकडे पाहू लागले. अम्मांना माझा प्रश्न त्यांनी सांगावा लागला नाही. दहा वर्षांत त्यांना तेवढे मराठी समजू लागले होते.

"हाजरा," अम्मा म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितले ते मास्तरांनी मला नंतर मराठीत सांगितले. शेजारचे घर मुसलमान कुटुंबाचे होते आणि हाजरा त्या घरची सून होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या. दोन्ही घरच्या सुनांनी भिंतीवरून बोलणेही घरातल्या मोठ्यांना चालत नसे, मग गाणे कसे चालेल? म्हणून दुपारी पुरुष पेढीवर गेले की अम्मा ओळ म्हणत आणि भिंतीपलीकडून हाजरा ती उचली. उचलताना ती शेवट दरवेळी निराळा वळवत असे. एकीने म्हणावे, दुसरीने शेवट बदलून परत द्यावे, असा त्यांचा खेळ तीस वर्षे चालला होता. दोघींनी एकमेकींचे तोंड मोजून चार-पाच वेळाच पाहिले होते.

"मग मला भिंत का सांगितलेस?" मास्तरांनी विचारले.

"पाच वर्षांचे पोर तू. आजोबांच्या मांडीवर बसून सगळे ओकला असतास." अम्मा हसल्या. "मला काय ठाऊक की तू म्हातारा होईपर्यंत भिंतीवरच विश्वास ठेवशील? रेडिओ दुरुस्त करणारा माझा शहाणा मुलगा!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी यंत्राचे बटण बंद केले. फीत रिळांवर सैल पडली.

अम्मांचे सांगणे अजून संपलेले नव्हते. शिकारपूर सोडायचे त्या सकाळी टांगा दारात उभा होता, अंगणात पुरुष सामान बांधत होते, आणि भिंतीपलीकडून हाजराने ओळ म्हटली. तीस वर्षांत नेहमी अम्मा सुरुवात करत. त्या दिवशी हाजराने केली. आता उलटून देणे अम्मांकडे होते. परंतु अंगणात सासरे होते, दीर होते. अम्मा ट्रंकेवर बसून राहिल्या. हाजरा थांबली. मग टांगा निघाला.

"ती ओळ माझ्याकडे राहिली आहे," अम्मा म्हणाल्या. "ती दिल्याशिवाय मी दुसरे काय गाऊ?"

त्या दिवसापासून मास्तरांनी भिंत करण्याचा नाद सोडला. त्यांना आता हाजराची ओळ हवी होती. हाजराने शेवट कसा वळवला होता हे अम्मा गाऊन दाखवायला तयार नव्हत्या, कारण ते दुसरीचे होते. त्या हाताने दाखवत. मास्तर तारेवर पोलाद सरकवत आणि अम्मा म्हणत, "वर नाही. वळव. ती पायरी चढत नव्हती, वळसा घेत होती." ती गिटार वळसा घेऊ शके, पेटीला ते जमले नसते. कित्येक दुपारी असे चालले. मी हंडा ठेवून घटकाभर बसत असे.

"आता बरोबर," अम्मा एके दिवशी म्हणाल्या. "पण हाजरा माझ्या मांडीवर बसून गात नव्हती. पलीकडच्या घरातून गात होती."

हे ऐकताच मास्तरांना टाकी आठवली. आवाज दूरचा व्हायचा असेल, तर त्याला निराळ्या जागेतून फिरवून आणावे लागते. ज्या पसरण्यामुळे टाकी पूर्वी निकामी ठरली होती, तेच आता उपयोगी होते. मात्र टाकी फाल्गुनाशिवाय रिकामी होणार नव्हती आणि त्या थंडीत अम्मांची धाप वाढली होती. मास्तर मला दर आठवड्याला विचारत, "अदी, धाकलू काय म्हणतो?" आणि धाकलू म्हणे, "त्यांना बोल, पानी माज्या बापाचा नाय. तारीख येल तवाच."

अठ्ठावन्नच्या फाल्गुनात ती तारीख आली. आम्ही सकाळपासून भराभर घासले आणि जेवणाच्या सुट्टीत टाकी स्वच्छ व रिकामी करून दिली. बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या. मी तारेच्या मागे मागे बराकीत गेले. सरूने मागून आवाज दिला, "बकुले, तुजी भाकरी कावला नेल हां!"

मास्तरांनी या वेळी टाकीतून येणारा आवाज टेपच्या यंत्रातूनही नेला होता, म्हणजे ओळ दुरून यावी आणि एकदा मागून हलकेच पुन्हा यावी. अम्मांसमोरही माईक ठेवला होता, परंतु त्या गाताना खोलीतला स्पीकर बंद राहील अशी व्यवस्था केली होती; त्यांचा आवाज फक्त टाकीकडे, पलीकडच्या घराकडे जाणार होता. गिरणीवाला नेमका त्या दिवशी उशिरा जेवायला गेला. त्यामुळे मास्तरांची नजर विजेचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर खिळली होती.

त्यांनी हाजराची ओळ वाजवली.

मी काय ऐकले ते मला नीट सांगता येणार नाही. ते गिटारीसारखे नव्हते आणि बाईच्या गळ्यासारखेही नव्हते. कोणी तरी पलीकडच्या अंगणात उभे आहे, एवढेच कळत होते. ओळ आली, शेवटी वळसा घेतला आणि थांबली. अम्मांनी डोक्यावर पदर घेतला, उजवीकडे मान वळवली आणि ती ओळ उलटून दिली. आवाज थरथरत होता, धापेमुळे मध्ये एकदा तुटला, परंतु त्यांनी ती शेवटपर्यंत नेली, आणि शेवट स्वतःचा केला. दहा वर्षे मनात तयार करून ठेवलेला तो शेवट होता. खाली उतरता उतरता तो एका जागी अडला आणि तिथेच राहिला, जसा एखादा माणूस उंबऱ्यात उभा राहतो. संपल्यावर त्या म्हणाल्या, "झाले, हाजरा."

तेवढ्यात धाकलू दारात आला. "मास्तर, तुमचा डबा काढा टाकीनशी. अडीच वाजले." मास्तर तसेच धावत गेले.

स्पीकर सुखरूप बाहेर आला. संध्याकाळी मी गेले तेव्हा मास्तर यंत्रापुढे बसून फीत बोटांनी पुढे-मागे सरकवत होते. तिच्यावर काही नव्हते. तो गोल फेरा होता. अम्मांची ओळ टाकीतून येऊन त्याच्यावर लिहिली गेली होती, वाचली गेली होती आणि दहा आकडे मोजावेत एवढ्या वेळात तिसऱ्या डोक्याखाली जाऊन पुसली गेली होती. ते डोके त्यांनी स्वतःच बसवले होते. साधी लांब फीत लावली असती तर ओळ राहिली असती. दोन वर्षे त्यांनी आवाज परत आणण्याचाच विचार केला होता. ठेवण्याचा विचार त्यांना सुचला नव्हता.

"तिला पुन्हा म्हणायला सांगा ना," मी म्हटले.

"सांगितले," ते म्हणाले. "ती म्हणते, दिलेली वस्तू कोणी परत मागते का?"

अम्मा त्यानंतर गात असत. दुसरी गाणी, निवडताना, कधी माझ्याबरोबर. मी त्यांची एखादी सिंधी ओळ झेलली की त्या शेजारणीला हाक मारून म्हणत, "या, ऐका, ही म्हशीला बोलावते आहे!" परंतु ती ओळ त्यांनी पुन्हा म्हटली नाही. त्याच वर्षी मार्गशीर्षात त्या गेल्या.

मास्तरांच्या यंत्राची कीर्ती मात्र झाली. कॅम्पातल्या लग्नांत त्यांची गिटार दोन-दोनदा ऐकू येते म्हणून लोक त्यांना बोलावू लागले. मुंबईहून दोन वादक येऊन तसली यंत्रे करून घेऊन गेले. मास्तर ती यंत्रे मन लावून करत, पण ऐकणाऱ्यांनी वाहवा केली की खिशातला पोलादाचा तुकडा चाचपून खाली पाहत. गोणपाटाच्या जागी विटांच्या भिंती आल्या. त्यांच्या खोलीत आता आवाज घुमत असे.

साठच्या पौषात, एका दुपारी, ते बुवापाड्याला आमच्या घरी आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते. बरोबर गिटार नव्हती. माझ्या सासूने त्यांना ओटीवर घोंगडी टाकून दिली. मी पाणी आणले आणि आमच्याकडे पापड नव्हता म्हणून गुळाचा खडा दिला. त्यांनी तो हातातच ठेवला. सासूने त्यांच्या आईची विचारपूस केली आणि मग त्या गेल्याचे आठवून तिने जीभ चावली.

मग ते म्हणाले, "त्या दिवशी मी काट्याकडे पाहत होतो, अदी. गिरणी सुरू होईल म्हणून. मला सुरुवात आठवते. मध्ये धाप लागली ते आठवते. पुढचे मी ऐकलेच नाही."

सासू माझ्याकडे पाहू लागली. मी खाली बसले.

त्यांनी गूळ ओटीच्या कडेला ठेवला.

"तुम्ही झेलणाऱ्या आहात," ते म्हणाले. "अम्माने शेवट कसा केला, तेवढा मला एकदा म्हणून दाखवा."